तीन रात्री उशाखाली

यज्ञेश पेडणेकरने चिमट्यात धरलेला खडा दिव्याखाली फिरवला आणि भिंग नंदकुमारांच्या हातात दिलं.

"मधोमध नका बघू, काका. डाव्या कडेला बघा. दिसली?"

नंदकुमारांना रेघ दिसली. गडद निळ्या रंगात एक बारीक पांढरट रेघ, कडक पेन्सिलीने ओढावी तशी. सारी हयात ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढण्यात गेलेली, त्यामुळे ती कडेपर्यंत पोचत नाही, जराशी अलीकडेच थांबते, हेही त्यांच्या लक्षात आलं. लक्षात आलं, एवढंच. गेले तीन महिने सगळ्या गोष्टी त्यांच्या नुसत्या लक्षात येत होत्या. चहात साखर नाही हे लक्षात येई, पण उठून ती घालावी असं काही वाटत नसे.

यज्ञेशने हातचं न राखता सांगितलं की ही चीर आहे. अंगठीत बसवायला अडचण नाही, पण नीलम म्हटला की लोक निर्दोषच मागतात. काकूंपासून त्याने काही लपवलं नव्हतं. असू दे, असं त्याच म्हणाल्या होत्या.

काकू म्हणजे कुंदा, नंदकुमारांची बायको. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती गेली. तिचा फोन नंदकुमार अजून रोज सकाळी चार्जिंगला लावत. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. परवा तो वाजला. घाटकोपरहून बोलतोय, दागिन्यांच्या दुकानातून, अक्षय्य तृतीयेच्या आधी जुन्या पुड्या आवरतोय, कुंदाकाकूंचा तो चीर असलेला नीलम पडून आहे. नंदकुमारांनी नेहमीच्या आवाजात ती नसल्याचं सांगितलं. पलीकडच्या माणसाची पंचाईत झाली असेल म्हणून यांनीच दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

मुलुंडहून निघतानाच त्यांचं ठरलं होतं. खडा बघायचा, नको म्हणायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी परत. लेक ऋता तर बोरिवलीहून फोनवर अक्षरशः हात जोडत होती. दोषी नीलम बाधतो, घरात आणूसुद्धा नये, असं तिने कुठे कुठे वाचून काढलं होतं. आता आम्हाला तुम्ही एकटेच आहात बाबा, असं म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. नंदकुमारांनी तिला जेवलीस का, असं विचारलं होतं.

त्यांनी भिंग काउंटरवर ठेवलं.

"तिची हौस होती. आता ती अंगठी कोण घालणार? तुम्ही खडा ठेवून घ्या."

यज्ञेशने खड्याची पुडी जवळ ओढली. चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, वडिलांचंच दुकान चालवणारा माणूस. त्याने पुडीतून एक पांढरा दोरा काढला. शिवणाच्या रिळाचा साधा दोरा, दोन टोकांना मिळून एक गाठ मारलेली.

"काका, हा खडा त्यांच्यासाठी नव्हताच. तुमच्या बोटाचं माप आहे हे. तुम्ही दुपारचे झोपला होतात तेव्हा घेतलं म्हणाल्या."

नंदकुमारांनी दोरा उजव्या हाताच्या मधल्या बोटात घातला. तो सहज आत गेला आणि पेरावर सैल राहिला. बोट तेव्हापेक्षा बारीक झालं होतं, हेही त्यांच्या लक्षात आलं.

कुंदाचं हे जुनंच होतं. नंदकुमारांची रास कुंभ, साडेसाती चालू, त्यात आदल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली, म्हणजे शनीवर तिने तेव्हापासून डोळाच ठेवला होता. तिने नीलमचा विषय काढला की नंदकुमार म्हणत, शनीला एवढी कामं सोडून मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावर बघायला वेळ आहे का? ती हसायची आणि विषय सोडून द्यायची. तो तिने सोडला नव्हता, नुसता घाटकोपरला नेला होता, हे त्यांना आज कळत होतं.

पेडणेकरांच्या दुकानाची एक पद्धत होती. नीलम ते तडकाफडकी विकत नसत. आधी तीन रात्री उशाखाली ठेवायला देत. तेवढ्यात घालणाऱ्याला वाईट स्वप्न पडलं, अंगावर काही दुखणं आलं, पडझड झाली, तर खडा परत. काही झालं नाही तर तो लाभला. तसं पुडीवर लिहून ठेवायचं, तारखेसकट.

यज्ञेश सांगत होता की काकूंनी असे एकामागून एक तीन खडे नेले. पहिला अगदी स्वच्छ होता. तो दुसऱ्याच दिवशी घेऊन आल्या, तुम्ही बाथरूममध्ये घसरलात म्हणून.

"गौरी-विसर्जनाच्या दिवशी," नंदकुमार म्हणाले.

"दुसराही चांगला होता. पण तुमचं सोसायटीत कुणाशी वाजलं आणि ब्लड प्रेशर वाढलं."

तेही खरं होतं. पार्किंगवरून सेक्रेटरीशी चांगलीच जुंपली होती. नंदकुमारांच्या डोक्याखाली तेव्हा एक नीलम होता आणि ते मात्र पार्किंगच्या नियमांची पुस्तिका हातात घेऊन तावातावाने भांडत होते. आणखी कधी असतं तर त्यांना हसू आलं असतं.

"मग हा राहिला होता. चीर होती म्हणून मी दाखवत नव्हतो. त्यांनीच मागून घेतला. तीन दिवसांनी आल्या त्या इतक्या खूश होत्या. दिवाळीनंतर येऊन अंगठी करायला टाकते म्हणाल्या." यज्ञेशने पुडी उलगडून त्यांच्यापुढे सरकवली. "नंतर आल्याच नाहीत."

पुडीच्या पांढऱ्या कागदावर आतल्या बाजूने निळ्या शाईत लिहिलं होतं. चौदा ऑक्टोबर ते सतरा ऑक्टोबर. त्रास काही नाही. झोप शांत. लाभला. खाली कुंदाची सही होती, शेवटच्या अक्षराला शेपूट देऊन.

नंदकुमारांनी ते एकदा वाचलं. मग त्यांचं बोट तारखेवर येऊन थांबलं.

घरी कपाटात एक जाड फाईल होती. डॉक्टर बदलले, हॉस्पिटलं बदलली, तसतशी ती नंदकुमारांनी लावत नेली होती, सगळे कागद तारखेप्रमाणे. प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे ती उघडून त्यांना पहिल्यापासून सांगावं लागे, त्यामुळे तारखा पाठच झाल्या होत्या. सगळ्यात खालचा कागद स्कॅनच्या रिपोर्टचा. स्वादुपिंडात गाठ आहे, असं सांगणारा. तारीख पंधरा ऑक्टोबर. पित्ताचा त्रास म्हणून ती एकटीच तपासून आली होती आणि रिपोर्टही तिने एकटीनेच आणला होता. नंदकुमारांना तिने सांगितलं ते भाऊबीज उलटल्यावर. आधी का नाही बोललीस, असं त्यांनी विचारलं, तर सण होऊ दे म्हटलं, एवढंच तिचं उत्तर.

पंधरा ऑक्टोबर म्हणजे कोजागिरीचा आदला दिवस. दुसऱ्या दिवशी तिने गच्चीवर आख्ख्या सोसायटीला मसाला दूध वाटलं होतं. रात्री नंदकुमार आडवे होताच तिने त्यांची उशी सारखी केली होती. झोप लागते ना नीट, असं तिने विचारलं होतं. लागते की, असं म्हणून ते कुशीवर वळले होते. आणि सतरा तारखेला ती इथे, ते बसले होते त्याच खुर्चीवर बहुधा, खुशीत येऊन बसली होती.

"यज्ञेश," त्यांनी विचारलं, "त्या तीन दिवसांत घरात दुसऱ्या कुणाला काही झालं, तर ते धरतात?"

"नाही काका. ज्याच्या बोटात जायचा त्याचंच बघतात."

"तिला ठाऊक होतं हे?"

"त्यांनी मुद्दाम विचारून घेतलं होतं. असंच, तुम्ही आत्ता विचारलंत तसं."

वरून मेट्रो गेली. काउंटरच्या काचेवर ठेवलेला चिमटा हलकेच किणकिणला आणि थांबला. नंदकुमारांना छातीत कुठेतरी दुखलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलेल्या दुखण्यासारखं ते नव्हतं. दुखलं याचंच त्यांना आधी आश्चर्य वाटलं, आणि मग ते दुखतच राहिलं. तिला कळून चुकलं होतं आणि तरीही तिने स्वतःला हिशेबात धरलं नव्हतं. नियम विचारून, नियमाप्रमाणे धरलं नव्हतं.

यज्ञेशने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला, प्यायले आणि काचेवर जिथला तिथे ठेवला. खडा कापसावर पडला होता. या अंतरावरून ती रेघ दिसत नव्हती, पण ती कुठे आहे हे त्यांना आता माहीत होतं.

"तुमचं मन नसेल तर राहू द्या," यज्ञेश म्हणाला. "एखादा निर्दोष काढून देतो. तीन रात्री ठेवून बघा, घाई नाही."

"नको. हाच करा."

"चीर आहे, काका."

"पाहिली मी."

यज्ञेशने मान हलवली आणि पुडी आपल्याकडे ओढून पेनाचं टोपण काढलं. आणखी एक पद्धत होती. शेवटचा शब्द घालणाऱ्याचा लागतो. काकूंनी सांगितलं होतं ते ठीकच, पण त्या म्हणाल्या तसं तुम्हीही एकदा तोंडाने म्हणा, म्हणजे मी लिहितो आणि करायला टाकतो.

नंदकुमारांनी घसा साफ केला.

"लाभली," ते म्हणाले.

यज्ञेशचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. नंदकुमारांनाही ते ऐकू आलं. तेराव्याला आलेल्या कितीतरी माणसांनी हाच शब्द त्यांच्यापुढे म्हटला होता, अशी बायको लाभायला नशीब लागतं म्हणून, आणि प्रत्येकाला त्यांनी चहा घेणार का, असं विचारलं होतं. आता आपली चूक सुधारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

यज्ञेशने वर पाहिलं नाही. कुंदाच्या सहीखाली त्याने ऐकलं होतं तेच लिहिलं आणि आजची तारीख घातली. मग खणातून मापाच्या कड्यांचा जुडगा काढला. बोट उतरलेलं दिसतंय, तेव्हा माप नव्याने घेऊ, नाहीतर अंगठी सैल होईल, असं तो म्हणाला.

"होऊ दे," नंदकुमार म्हणाले, आणि बोटातला दोरा गाठ न सोडता काढून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला. "माप तिने घेतलंय."