धर्मराजाची किक

गेले दोन महिने दर रविवारी माजरीजवळच्या एका गावात लटारूबाबाची पाचशे सीसीची जुनी मोटरसायकल पटांगणात उभी राही आणि अख्खा गाव तिच्याभोवती जमे. बाबा नुसत्या तळहाताने किक दाबायचा अन् गाडी धडधडायला लागायची. मग ज्याच्यावर संशय, त्याने तीच किक मारायची. गाडी त्याला हमखास मागे फेकायची.

"हे लोखंड नाई बाप्पा, साक्षात धर्मराज आहे!" बाबा गर्जायचा. "पुण्यवानाले फुलावानी, पाप्याले लाथ! पेट्रोल नावापुरतं, गाडी चालते सत्त्वावर!" सत्त्वावर चालणाऱ्या गाडीचा कार्बोरेटर मात्र माजरीच्या गॅरेजात साफ व्हायचा आणि तो साफ करायची नंदिनी.

गेल्या आठवड्यात गावातल्या गोपालचे दोन बैल मेले आणि संशय विधवा सीताबाईवर आला. सीताबाई म्हणजे नंदिनीची मावशी. आई गेल्यावर तिनेच नंदिनीला वाढवलं, आयटीआयला पाठवलं. रविवारी बाबाने सीताबाईला किक मारायला लावली; ती उलटली आणि सीताबाईचा घोटा मोडला. "करनी केली हिनं!" बाबाने निकाल दिला. "येत्या रविवारी शेवटची किक. गाडीनं झिडकारलं, तर घर सोडून जा लागन."

गाडीतली करामत नंदिनीच्याच हातची होती! दोन महिन्यांपूर्वी बाबा "गुडघा दुखते" म्हणत आला होता. मोठ्या इंजिनात हवा दाबली जाते, म्हणून किक जड जाते, नवख्यावर तर उलटतेच. नंदिनीने ती हवा सोडणारा छोटा वाल्व बसवून वायर जोडली. हँडलखालचं बटण दाबलं की वाल्व उघडतो आणि किक हलकी होते. किक अर्धी खाली गेली की वाल्व आपोआप मिटतो आणि इंजिन सुरू होतं. बाबाने त्या बटणावर झेंडूचा हार चढवला, एवढाच काय तो चमत्कार.

शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला आली. धर्मराजावर बाबाशिवाय कोणी बसायचं नसतं, म्हणून बाबाच्या चेल्याने ती टेम्पोतून आणली आणि टेम्पोतूनच नेली. नंदिनीने रिलेवरची, म्हणजे बटण आणि वाल्वमधल्या स्विचवरची, एक वायर काढली आणि शेजारच्या पिनेवर खोचली. आता बटण दाबलं तर वाल्व बंद, न दाबलं तर उघडा. पोलिसांत तक्रार तिला आधीच करता आली असती. पण तिला बाबाची नडगी हवी होती, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

रविवारी सीताबाई प्लास्टरातला पाय ओढत आली. पाय उचलेना, म्हणून तिने हातानेच किक दाबली. गाडी धडधडली.

बाबाने घाईघाईने इंजिन बंद केलं. "धर्मराज मस्करी करून राह्यला!" म्हणत त्याने हारात बोटं खुपसली आणि जोरात किक मारली. किक उलटी आली. बाबा नडगी धरून धुळीत लोळला. इतकं गोड नंदिनीला आजवर काही लागलं नव्हतं.

"बाबाच पापी निघाला!" गोपाल दगड घेऊन धावला. बायका सीताबाईपुढे हात जोडू लागल्या. "देवी आहे, देवी!"

नंदिनी चपापली. ती गप्प राहिली असती तर सूड पुरा झाला असता. पण पुढच्या रविवारी याच गाडीवर दुसऱ्या कोणाचा घोटा मोडला असता. तिने पुढे होऊन हार ओरबाडला.

"थांबा! हे बटन पाहा. हे म्या लावलं, अन् काल वायरबी म्याच फिरवली." तिने सगळ्यांसमोर वायर परत जागेवर लावली, बटण दाबून एका हाताने गाडी सुरू केली. "झाली मी पुण्यवान? गाडीले पाप कळत नाई, फक्त हवा कळते. गोपालभाऊ, बैल कायनं मेले हे जनावराच्या डॉक्टरले काऊन नाई इचारलं? अन् तो दगड ठेवा. याले मारू नका. जादूटोण्याचा कायदा आहे, म्या सकाळीच फोन केला, पोलीस येऊन राह्यले. याले कोर्टात उभं राह्यलेलं पाहाचं आहे मले."

गोपालच्या हातून दगड गळाला. तो सीताबाईच्या पायाशी वाकला. तिने प्लास्टरातला पाय मागे घेतला.

"पाया कायले पडतं? मी देवी नाई. माहा घोटा मोडला तवा टाळ्या वाजवत होता ना तू? उभा राह्य. सगळ्यांसमोर माफी माग."