मला नेमकं काय झालंय?

नरहररावांच्या लघवीतून पहिल्यांदा रक्त गेलं ते एका मंगळवारी सकाळी. दुखलं-खुपलं काहीच नाही, म्हणून दोन दिवस ते कुणाला बोललेही नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं तेव्हा मात्र त्यांनी शौनकला, म्हणजे मुलाला, बाजूला बोलावून घेतलं. एकाहत्तराव्या वर्षी मुलापुढे असलं काही बोलायचं म्हणजे त्यांना फार अवघडल्यासारखं झालं, पण सांगून टाकलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं. गोंधळ सुरू झाला तो त्यानंतर.

नरहरराव अंबडच्या कोर्टात चौतीस वर्षं कारकून होते. पत्नी सत्यशीलाबाई नऊ वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून ते जालन्यात मुलाकडे राहत. शौनक एका बियाणे कंपनीत नोकरीला, सून गंधाली शाळेत शिकवायची. घरात कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. रोज सकाळी मोतीबागेत दोन फेऱ्या मारायच्या आणि दुपारी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, असा नरहररावांचा दिवस होता.

शौनकने त्यांना सोनोग्राफीला नेलं. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. शौनक म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा, मी बोलून येतो." नरहरराव बाकावर बसले. वीस मिनिटांनी शौनक बाहेर आला तेव्हा त्याने तोंड धुतलं होतं आणि कानाजवळचे केस ओले होते.

"काय म्हणाले?"

"काही नाही. आतून जराशी सूज आहे."

रात्रीच्या जेवणाला गंधाली म्हणाली, "बाबा, पाणी भरपूर पीत जा. बारीक खडा असला की पाण्यानेच पडतो."

नरहररावांनी घास हातातच धरला. सूज की खडा? त्यांनी शौनककडे पाहिलं, तर तो ताटात पाहत होता. दुसऱ्या दिवशी मंठ्याहून पुतण्याचा, कल्याणचा, फोन आला. "काका, प्रोस्टेटचं काही मनावर घेऊ नका. या वयात सगळ्यांनाच होतं ते." म्हणजे दोन दिवसांत तीन दुखणी झाली. आणि कल्याणला मंठ्यात बसून जे कळलं होतं ते आपल्याला या घरात बसून का कळू नये?

मग सुईतून औषध सोडून मोठ्या मशीनमध्ये फोटो काढले. खडा असेल तर एवढं कशाला? सूज असेल तर गोळी का देत नाहीत? त्यांनी फाईल मागितली. शौनक म्हणाला, "ऑफिसात राहिली." दोन दिवसांनी तीच फाईल त्यांना कपाटावर, जुन्या सूटकेसच्या मागे दिसली. स्टूल घेऊन काढावी असंही मनात आलं, पण आपल्याच घरात चोरासारखं स्टुलावर चढायचं त्यांना पटेना.

घरातलं वागणंही बदललं होतं. आठवड्यात तीनदा शिरा झाला. टीव्हीचा आवाज त्यांनी कितीही वाढवला तरी कुणी कमी करा म्हणेना. गंधाली सारखी विचारायची, "बाबा, काय खावंसं वाटतंय?" ते खोलीत शिरले की बोलणं थांबायचं आणि मग कुणीतरी उगाच पावसाविषयी बोलायला लागायचं. नरहररावांना एकदा वाटायचं की आपल्याला काहीतरी फार मोठं झालंय. मग वाटायचं, छे, चालतोय, जेवतोय, दुखत तर कुठेच नाही; आपलंच डोकं नको ते शोधतंय. शौनकने सांगितलेलं आपण नीट ऐकलं नसेल का? की ऐकून विसरलो? चौतीस वर्षं तारखा तोंडपाठ ठेवलेल्या माणसाला आता स्वतःच्या आठवणीचा भरवसा वाटेना.

तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी शौनक म्हणाला, "बाबा, दोन दिवस दवाखान्यात राहावं लागेल. दुर्बिणीने एक साधी तपासणी आहे."

"साध्या तपासणीला दोन दिवस?"

"हो, म्हणजे... तशी पद्धत आहे."

दवाखान्यातली खोली दोन खाटांची होती. पलीकडच्या खाटेवर मच्छिंद्र नावाचे मंठ्याकडचे शेतकरी होते, वयाने नरहररावांच्याच बरोबरीचे. लघवीची नळी आणि पिशवी खाटेला अडकवलेली, आणि ते निवांत केळं खात बसलेले. त्यांची बायको सोनूबाई खाली अंथरलेल्या सतरंजीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शौनक औषधं आणायला खाली गेला तसं मच्छिंद्रांनी विचारलं, "सायेब, तुमची बी गाठच का?"

नरहररावांनी मान हलवली. "गाठ? नाही. मला सूज आहे. किंवा खडा. तसं नक्की..."

"उद्या दुर्बिणीनं हाय ना?"

"हो."

"कमरेत सुई देणार म्हणले का?"

"मघाशी एक डॉक्टर विचारून गेले, पाठीचं काही जुनं दुखणं आहे का म्हणून."

मच्छिंद्रांनी केळ्याचं साल सोनूबाईच्या हातात दिलं. "मी डाक्टर न्हाई, तुमचं मला काय म्हाईत. पण माझं सांगतो. माझ्या लघवीच्या पिशवीत गाठ व्हती. कॅन्सरची. मांगल्या साली हितंच काढली. दर तीन म्हयन्याला तपासाया येऊन राह्यलो. आत्ता पुन्हा बारकी दिसली, ती परवा काढली."

कॅन्सर हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जशी काही बांधावरच्या बाभळीची गोष्ट सांगतायत. नरहरराव त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"तुम्हाला हे सगळं सांगितलं?"

"सांगत्यात कशाचे! पोरगं डाक्टरला बाजूला घेऊन कुजबुज करू लागलं. मी म्हणलं, डाक्टरसायेब, दुखणं माझ्या पोटात हाय, पोराच्या न्हाई. मला बराबर समजंल असं सांगा. मला लिहितावाचता येत न्हाई, मंग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं."

"आन् मंग तीन दिस जेवले न्हाईत," सोनूबाई खालून म्हणाली.

"न्हाई जेवलो. भ्यालो व्हतो ना. पण चौथ्या दिशी उठलो, तंबाखूची डबी उकिरड्यावर फेकली. थोरल्या भावाशी चार साल बोलणं न्हवतं, त्याच्या घरी गेल्तो. वावराचं काय करायचं ते पोरांना सांगितलं. न सांगता ठिवलं असतं, तर ह्यातलं कायबी झालं असतं का? भ्या तर दोन्हीकडून असतंच सायेब. पर ठावं असलं की मानूस कायतरी करतो. न्हाई ठावं तर नुसता चाचपडतो."

नरहरराव खिडकीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांना सत्यशीलाबाई आठवल्या, आणि आठवल्या त्या नको त्या प्रसंगातल्या.

नऊ वर्षांपूर्वी सत्यशीलाबाईंच्या पोटात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत नरहरराव एकटेच गेले होते. "तिला सांगू नका, ती खचेल," असं त्यांनीच हात जोडून सांगितलं होतं. सत्यशीलाबाईंनी दोनदा विचारलं, "अहो, मला नेमकं काय झालंय?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "अशक्तपणा आहे." त्यांना परतूरला बहिणीकडे जायचं होतं. "बरी झालीस की जाऊ," असं नरहरराव म्हणत राहिले. पाच महिन्यांत त्या गेल्या. परतूरला जाणं राहूनच गेलं. शेवटी शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं होतं. त्यांची समजूत पटली असं नरहररावांना तेव्हा वाटलं होतं. आज या खाटेवर पडल्यावर त्यांना कळलं की सत्यशीलाबाई आजारासोबत एकट्या पडल्या होत्या, आणि त्यांना एकटं पाडलं होतं ते आपणच.

सकाळी साडेसातला सिस्टर संमतीपत्र घेऊन आल्या. शौनकने पेन काढलं. "द्या, मी करतो सही."

"पेशंट शुद्धीवर आहेत. सही त्यांचीच लागेल," सिस्टर म्हणाल्या.

नरहररावांनी कागद हातात घेतला. मजकूर इंग्रजीत, अक्षर बारीक; निम्मे शब्द कळत नव्हते. त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"मी सही करणार नाही."

"बाबा, ऑपरेशनची वेळ झालीय. फक्त फॉर्म आहे तो."

"कोर्टात माणसाचा जबाब झाला की त्याला वाचून दाखवायचा. त्याने 'बरोबर आहे' म्हटलं की मगच सही किंवा अंगठा. अंगठेबहाद्दर असला तरी वाचून दाखवायचा. चौतीस वर्षं मी हे पाहिलंय. मला कुणीतरी हा कागद वाचून दाखवा. आणि मला काय झालंय ते सांगा."

शौनक म्हणाला, "बाबा, कशाला उगाच..." तो भिंतीला टेकला. "आईच्या वेळी तुम्हीच म्हणाला होता ना, पेशंटला सांगायचं नसतं. मला वाटलं, असंच करायचं असतं. मला तरी दुसरं काय माहीत होतं?"

रागावण्यासाठी नरहररावांनी रात्रभर जेवढं जमवलं होतं ते सगळं त्या एका वाक्याने गळून गेलं. पोराने मनाने काही केलं नव्हतं, बापाने शिकवलं तेच केलं होतं!

"तेव्हा माझं चुकलं शौनक," ते हळूच म्हणाले. "फार चुकलं. तिला कळायला हवं होतं. ये, इथे बस."

शौनक खाटेवर येऊन बसला. सिस्टर डॉक्टरांना बोलावून घेऊन आल्या. डॉक्टर आधी शौनककडे पाहून बोलायला लागले, मग थांबले आणि नरहररावांकडे वळले.

"काका, लघवीच्या पिशवीत दोन सेंटिमीटरची गाठ आहे. दिसण्यावरून कॅन्सरची शक्यता आहे. नक्की काय ते तुकडा तपासल्यावरच कळेल, आज मीही खात्रीने सांगू शकत नाही. पोट उघडायचं नाही, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून गाठ काढू. कमरेखालचा भाग बधिर करू, तुम्ही जागे असाल. दोन-तीन दिवस नळी राहील. गाठ वरवरची असेल तर पुढे दर तीन महिन्यांनी तपासायचं. खोल गेली असेल तर वेगळे उपचार लागतील, ते तेव्हा बसून बोलू."

"सूज आणि खडा?"

"तसं काही नाही."

"आणि तुकड्याचा रिपोर्ट आला की?"

"तुम्हालाच सांगेन."

नरहररावांना भीती वाटत होती, आणि पुढचं काही स्पष्टही नव्हतं. पण हे गेल्या तीन आठवड्यांतल्या धुक्यासारखं नव्हतं. आता निदान आपण कुठे उभे आहोत ते दिसत होतं. शौनकने संमतीपत्रातली एकेक ओळ मराठीत सांगितली. "बरोबर आहे," असं म्हणून नरहररावांनी सही केली. पलीकडून मच्छिंद्र म्हणाले, "जा बिनघोर. सुई दिल्यावर पाय आपले न्हाईतच वाटत्यात, तेवढं घाबरू नका."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण वरवरचा. डॉक्टरांनी नरहररावांना समोर बसवून सांगितलं, आणि तो पुन्हा होऊ शकतो म्हणून तपासणी चुकवू नका असंही बजावलं. त्या संध्याकाळी नरहररावांनी स्वतः कल्याणला फोन लावला आणि आजाराचं नाव घेऊन सांगितलं. फोन ठेवल्यावर गंधालीच्या मनावरचंही ओझं उतरलं असावं, कारण तिने पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज कमी करायला लावला.

महिन्याभराने गल्लीतला हरिओम भेटायला आला. त्याच्या वडिलांच्या, रामकिसनरावांच्या, घशात काहीतरी निघालं होतं. "काका, तुमचं त्यांच्याशी बरं जमतं. त्यांनी विचारलं तर अल्सर आहे म्हणून सांगाल का? त्यांना सोसणार नाही हो."

"मी खोटं सांगणार नाही हरिओम. खरंही मी सांगणार नाही. ते तू सांग."

"माझ्याच्यानं होणार नाही."

"एका दमात सगळं सांगू नकोस. किती कळायला हवंय ते आधी त्यांनाच विचार. त्यांना ऐकायचं नसेल तर नको सांगू, पण ते त्यांनी ठरवायचं, तू नाही. चल, मी येतो. तू बोल, मी शेजारी बसतो."

दोघे गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. रामकिसनराव ओट्यावर बसले होते. हरिओम त्यांच्या पायाशी बसला आणि बराच वेळ त्याला शब्द सुचेना. शेवटी रामकिसनरावांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बोल बाबा. मी किती दिसांपासून वाट पाहून राह्यलो, कुणी बोलंल म्हणून."

वाचकहो, आपल्या घरातली म्हातारी माणसं काचेची नसतात. त्यांनी आपल्यापेक्षा जास्त मरणं पाहिलेली असतात, जास्त संकटं निभावलेली असतात. आजार त्यांच्या शरीरात असतो, म्हणून त्याच्या माहितीवर पहिला हक्क त्यांचा आहे. माया म्हणून आपण त्यांच्यापासून खरं लपवतो, आणि नेमकं जेव्हा त्यांना सोबत हवी असते तेव्हाच त्यांना एकटं टाकतो. त्यांना विचारा, सांगा, आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा.