लाकडातल्या भुंगेऱ्याची नावं

"हे काय टकटकतंय गं, चिमे?" दादानं उशीवरून मान वळवत विचारलं.

चिमी उगाचच औषधाची बाटली पुसू लागली. साठी उलटली तरी थोरल्या भावासाठी ती चिमीच होती. दादा जन्मभर सुतारकाम करून आता अंथरुणाला खिळला होता. सकाळीच डॉक्टरांनी तिला जिन्यात गाठलं होतं. आता फार दिवस नाहीत, त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणाले. सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं. चेहरा मात्र तिचं कधी ऐकत नसे.

"भुंगेरा आहे," ती म्हणाली. "लाकडावर डोकं आपटून जोडीदाराला हाक मारतो." पलंगाची उशाकडची फळी दादानंच एका जुन्या तुळईतून घडवली होती.

"नाव काय त्याचं?"

झाली का पंचाईत! चिमी संग्रहालयात किड्यांच्या पेट्यांवर इंग्रजी आणि फ्रेंच नावांच्या पट्ट्या लिहायची, आणि घरी येऊन तीच नावं उलगडून सांगत सगळ्यांचं डोकं खायची. इंग्रजांचा सांबरभुंगेरा म्हणजे फ्रेंचांचं उडतं हरीण. ठिपक्यांचा तो लाल किडा इंग्रजांकडे बाईसाहेबांचं पाखरू, फ्रेंचांकडे देवबाप्पाचा जीव. ताटातलं निवून जायचं, पण जोडीतलं एक नाव तिनं कधी गाळलं नाही.

या किड्याला इंग्रज मरणाचा पहारा म्हणत. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या उशाशी जागत बसलेल्यांना सामसूम घरात ही टकटक ऐकू यायची, म्हणून.

"फ्रेंच त्याला छोटं गिरमिट म्हणतात," ती घाईघाईनं म्हणाली. "लाकडाला भोकं पाडतो ना."

दादा हसला. "म्हणजे आमच्यातलाच की. आणि इंग्रज?"

"इंग्रजांनी काही ठेवलं नाही वाटतं. औषध घेतोस का?"

चमच्यातलं अर्धं औषध चादरीवर सांडलं. दादानं आधी चमच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उरलेलं औषध त्यानं न कुरकुरता घेतलं. फळीत पुन्हा टकटक झाली. आता हा परत विचारणार, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला लागला. ती मनातल्या मनात एखादं खोटं नाव जुळवू लागली.

त्यानं विचारलंच नाही. भिंतीकडे सरकून त्यानं पलंगाच्या कडेला जागा केली.

"उद्या कामाला जाऊ नकोस," तो म्हणाला. "बस इथं."