पंच्याहत्तर दिवसांची गोणी

माणूस ओळखायचा तर त्याला सूट देऊन बघावी, हा माझा दुकानातला अनुभव. जनावरांचं खाद्य विकतो, त्यामुळे गिऱ्हाईक बोलतं जनावराबद्दल आणि कळतं ते स्वतःबद्दल. कोठीसाहेबांना मात्र मी वीस वर्षांत पुरतं ओळखलं नव्हतं. त्यांनी सूट नाकारली, त्या दिवशी थोडे कळले.

कोठीसाहेब म्हणजे कारखान्याच्या कोठीवरचे जुने प्रमुख. चौतीस वर्षांत त्यांच्या कोठीत कुठली वस्तू कमी पडली नाही आणि कुठली उरलीही नाही. प्रत्येक पेटीवर ती कधी संपणार ती तारीख ते निळ्या पेनाने घालायचे आणि त्याच तारखेला पेटी रिकामी व्हायची. निवृत्तीच्या समारंभात कोणी तरी चेष्टेत विचारलं होतं, की साहेब, तुमचा अंदाज चुकत नाही, की तुम्ही चुकू देत नाही? सगळे हसले. साहेबही हसले.

एक तारखेला ते दुकानात आले. त्यांचा शिपाई, म्हणजे दारात बसून बसून ते नाव पडलेला तेरा वर्षांचा कुत्रा, मूत्रपिंडाने अधू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कमी मिठाचं, पचायला हलकं खाद्य द्या, सांभाळलात तर वर्षभर काढेल. मी माल दाखवला. डॉक्टरांनी सांगितलेलं खाद्य तीन किलोच्या पिशवीत येतं, किलोला नऊशे. राखणीच्या कुत्र्यांचं साधं खाद्य पंधरा किलोच्या गोणीत, किलोला एकशेवीस, पण त्यात मीठ फार. साहेबांनी दोन्हींवरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर चढवून वाचली. गोणी बाजूला सारली. महागाच्या दोन पिशव्या घेतल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, कवडीचुंबक म्हणतात यांना, पण मुक्या जिवासाठी हात सैल सुटला.

मग सवयीने सांगितलं की तीन घेतल्यात तर दहा टक्के कमी करतो.

हा माणूस झाडूवरही सूट मागून घेणारा. पण त्यांनी खिशातून निळं पेन काढलं, दोनशे ग्रॅम रोजचे, सहा किलो, तीस दिवस, असं पुटपुटत पिशवीवर त्याच महिन्याची तीस तारीख घातली आणि म्हणाले, "तिसरी कोण खाणार, मालक?"

आवाज अगदी साधा. पंखा बंद करा म्हणावं तसा.

पाचव्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर गेलं असेल नसेल, तोच वहिनी आत आल्या. साहेबांच्या पत्नी घरी शिवणकाम करतात. बोटावर शिवणाचं टोपण तसंच राहिलेलं. म्हणाल्या, पंधरा किलोची गोणी द्या. मी म्हटलं, वहिनी, त्यात मीठ आहे, शिपाईला ते विषच. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे. मी पुन्हा समजावलं. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला परतवायचं हा उलटा धंदा मी उभ्या जन्मात दोनदा केला असेल, त्यातला हा एक.

तेव्हा त्यांनी मांजरीचं सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांची मांजर आजारी होती. साहेबांनी खाद्याचा एक डबा आणला, त्यावर तारीख घातली. डबा मंगळवारी संपला. बुधवारी साहेब मांजरीला पिशवीत घालून डॉक्टरकडे गेले आणि रिकामी पिशवी घडी करून परत आले. फार हाल व्हायच्या आत निरोप द्यावा, म्हणाले. रात्री जेवले नाहीत. रडलेसुद्धा.

"पण भाऊ, ती त्या दिवशी सकाळी उडी मारून खिडकीत बसली होती," वहिनी म्हणाल्या. "माल घरात असेपर्यंत हे हात लावणार नाहीत. उरलेलं टाकवत नाही त्यांच्याने. गोणी द्या."

हिशेब त्यांनी चोख केला होता. आधी चांगल्या पिशव्या संपवायच्या, मग गोणीतलं भिजवून, धुऊन, थोडं थोडं द्यायचं. गोणी निव्वळ घरात दिसायला हवी होती. शिलाईचे साठवलेले अठराशे त्यांनी सुट्ट्या नोटांत मोजले. मी घेतले. त्यातले पन्नास परत करावेत असं वाटलं होतं, केले नाहीत.

दुपारी गोणी ढकलगाडीवर घालून मी स्वतःच पोचवली. शिपाई दारात पडला होता; शेपूट एकदा हलवून त्याने आपली नोकरी बजावली. साहेब गोणीकडे बघत राहिले. ओरडले नाहीत. मला म्हणाले, परत न्या. मी काही बोलायच्या आत वहिनींनी कात्रीने गोणीची शिवण सरळ उसवली. दाणे खळकन फरशीवर सांडले.

साहेबांनी वाकून एकेक दाणा गोळा केला, गोणीत टाकला. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, उघडी पिशवी तोलली. दोन किलो दोनशे, अकरा दिवस. गोणी पंच्याहत्तर दिवस. निळं पेन निघालं. शहाऐंशीव्या दिवसाची तारीख गोणीवर पडली, तेव्हा वहिनींनी भिंतीला पाठ टेकली. साहेबांनी शिपाईच्या डोक्यावर थोपटलं.

"चल बाबा, तुला मुदतवाढ."

मी निघालो, तर त्यांनी हाक मारली. दुसरी पिशवी आणून माझ्या हातात दिली. बंद होती, शिक्का शाबूत. म्हणाले, एवढा माल घरात पडलेला असताना ही कशाला, हिचे पैसे परत द्या.

वहिनींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. सगळं मोजलं होतं बाईंनी, हे एक मोजायचं राहिलं होतं. दुकानात माझी पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही म्हणून. ती मला त्या क्षणी आठवायला हवी होती. पण बंद पिशवी उद्या पुन्हा नऊशेच्या भावाने जाते, हे आधी आठवलं. मी पिशवी घेतली.

चांगलं खाद्य गोणी आल्यापासून अकराव्या दिवशी संपलं. पुढचं मला वहिनींच्या खरेदीवरून कळत गेलं. खायला साहेबच घालायचे, दोनशे ग्रॅम तोलून, समोर उभं राहून. धुऊन काढायची सोय उरली नाही, कारण ओल्याचं वजन चुकतं. मी म्हटलं, थोडं बाहेर टाकून घरचं काही घाला की. तर रविवारी गोणीचंही वजन होतं म्हणाल्या. विसाव्या दिवशी त्या पाण्याचं मोठं भांडं घेऊन गेल्या. तिसाव्या दिवशी त्याहून मोठं. साहेब वाटेत भेटले तर खुशीत होते. म्हणाले, शिपाई नेमाने खातो, दाणा इकडचा तिकडे नाही.

पंचेचाळिसाव्या दिवशी वहिनी आल्या आणि बादली मागितली. मी शिपाईची चौकशी केली. डोळे आत गेलेत, उठताना मागचे पाय थरथरतात, रात्रभर पाणी पितो आणि दारात जाईपर्यंत धरवत नाही, एवढं त्यांनी बादलीची कडी तपासत सांगितलं.

मी म्हटलं, मग वहिनी, आता डॉक्टरकडे न्यायलाच हवं.

"नेलं की तेच होणार," त्या म्हणाल्या. "आणि गोणीत अजून एकेचाळीस दिवस आहेत."

बादलीचे पैसे त्यांनी दिले. दारापर्यंत गेल्या, वळल्या, मागच्या थप्पीकडे बोट केलं आणि विचारलं, त्या गोण्या किती उरल्या आहेत. मी सांगितलं, चार.

"एक बाजूला काढून ठेवा," म्हणाल्या. "त्यांनी तारीख बघायच्या आत घरात यायला हवी."