वीतभर अन् चार बोटं

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे प्रयागबाईंनी, अर्ध्या कामरगावाचे तळपाय पाहिलेत. बाभळीचा काटा पायात मोडला की माणूस लंगडत आमच्या ओट्यावर येतो. त्याचा पाय मांडीवर घ्यायचा, सुईनं कातडं उकलून काटा काढायचा आणि वर बिब्ब्याचा चटका द्यायचा. काम चालू असताना सासूबाई शिव्या देतात आणि समोरच्यानंही परत द्यायच्या असतात. त्यानं दुखणं कळत नाही म्हणे. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सरपंचांना माझ्या सासूला शिव्या घालताना ऐकलं आणि बॅग भरायला घेतली होती.

मागच्या वर्षी शिबिरात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. ऑपरेशन झकास झालं. फाट्यावर जीपमधून कोण उतरलं आणि त्याच्या पिशवीत मेथी आहे की पालक, हे त्या ओट्यावरून सांगू लागल्या. पण जवळचं गेलं. सुईत दोरा ओवता येईना, तांदळातला खडा दिसेना. बाई मानी, हे कोणाला सांगितलंच नाही.

मग एक दिवस मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या टाचेत काटा गेला. सासूबाईंनी अर्धा तास कोरलं. मामंजींच्या सगळ्या शिव्या संपल्या आणि शेवटी ते ओरडले, "अवं बुढे, तो काटा नाई, तीळ हाय माहा! जलमाचा तीळ!"

तळपायाला तीळ असला की माणूस देशोदेशी फिरतो म्हणतात. मामंजी उभ्या जन्मात तालुक्याच्या कारंज्याच्या पुढे गेले नाहीत, पण त्या तिळाचा त्यांना भारी अभिमान. त्यांनीच ही गोष्ट गावभर केली. दुसऱ्या दिवसापासून लोक मागच्या गल्लीत लिलाबाईंकडे जाऊ लागले. या लिलाबाई आमच्याच ओट्यावर बसून सासूबाईंकडे पाहून पाहून काटा काढायला शिकलेल्या. आमचा ओटा रिकामा पडला आणि सासूबाईंचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं.

चष्मा आणला. पायावर वाकलं की तो घसरून त्या पायावरच पडायचा. दोरीनं बांधला तर दोरी सुईत अडकायची. शेवटी मी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते, गोड बोलणारे. म्हणाले, "आजी, लेझरनं एका डोळ्याचा नंबर जवळचा करता येतो. एक डोळा दूरचं पाहील, एक जवळचं. आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून सवय होते का बघू. नेम कोणत्या डोळ्यानं धरता? तो डोळा आपण दूरसाठी ठेवू."

"रोह्यायचा कयप वावरात घुसला का दोनी डोये उघडे ठेवूनच गोफण मारतो," सासूबाई म्हणाल्या. "नेमाले डोया लागत नाई, शिवी लागते."

डॉक्टरांनी मग दोन्ही हातांची खिडकी करून तिच्यातून बघायला लावलं. उजवा डोळा नेमाचा निघाला. "आता जवळचं म्हणजे किती जवळचं? पुस्तक वाचायला धरतो तेवढं?"

"मले कोनतं पुस्तक वाचाचं हाय? मले पाय पाहाचा हाय. बूट काढा तुमचा."

मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत बसले. डॉक्टरांनी बूट काढला, मोजाही काढला. सासूबाईंनी त्यांचा पाय मांडीवर ओढला, वाकल्या आणि सुई धरल्यासारखी चिमूट केली. "इथून इथलोक." नर्सबाईंनी मध्ये हात घालून मोजलं. वीतभर अन् चार बोटं. डॉक्टरांनी ते फाईलमध्ये सेंटिमीटरात लिहिलं.

"एवढा गुळगुळीत पाय माणसाचा नसते, डाक्टर," सासूबाई पाय परत करताना म्हणाल्या. "अनवानी चालत जा कधी."

लेन्सची सवय झाली आणि पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याला लेझर झालं. काही मिनिटांचं काम. हलायचं नाही आणि बोलायचं नाही, एवढाच काय तो त्रास.

नजर बसायला काही आठवडे गेले. मग सासूबाईंनी तांदूळ असे निवडले की खडे तर गेलेच, बारीकसा डाग दिसला म्हणून अर्धे तांदूळही गेले. सुई घेऊन त्या ओट्यावर बसल्या. आठ दिवस कोणी फिरकलं नाही. तिळाची धास्ती! माणसं समोरून लंगडत लिलाबाईंकडे जायची आणि सासूबाईंना दूरचं लख्ख दिसायचं, हेच वाईट होतं.

"कायले केला वं हा लेझर?" त्या मला म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. मला इतकं वाईट वाटलं की मी स्वतः चपला काढून बाभळीखालून जाऊन आले. काही रुतलं नाही. नशीब एकेकाचं.

नवव्या दिवशी भिंत धरत धरत कोणी यावं? लिलाबाई!

"काटा रुतला, प्रयागबाई."

"तुले तं काढता येते."

"आपल्या टाचेतला आपल्याले निंगत नाई. सून म्हने, मी काढतो. म्या म्हटलं, जिनं मले शिकोलं तिच्याच मांडीवर पाय ठेवीन."

एकही शिवी न देता सासूबाईंनी पाय मांडीवर घेतला, वाकल्या, आणि एका टोचणीत काटा बाहेर! अख्खा, टोकासकट. माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी तो लिलाबाईंच्या तळहातावर ठेवला.

लिलाबाई हात जवळ नेत, लांब नेत बघत राहिल्या. "कुठी हाय?"

सासूबाईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्यात निरखून पाहिलं. "अवं माय! दोनी डोयात मोतीबिंदू पिकला तुह्या. मंग एवढे दिवस लोकायचे काटे कसे काढले?"

"अंदाजानं," लिलाबाई म्हणाल्या. "मानूस वरडाचा थांबला का समजाचं, निंगाला."