भिंतीपलीकडची राइड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. एका सुताराने मला सागवानी लाकडापासून घडवले आणि माझ्या नऊ पायऱ्या स्वतः चढून पाहिल्या. मग एका रंगाऱ्याने मला घरी नेले. त्याच्या खांद्यावर बसून मी किती घरांत गेले, किती छतांना टेकले, याची मोजदाद नाही. माझ्या अंगावर अजूनही त्या खोल्यांचे रंग आहेत.

रविवारी मात्र आम्ही कामाला जात नसू. रंगारी, त्याची थोरली बहीण आणि त्यांचा मित्र पोस्टमन मला घेऊन मनोरंजन उद्यानाच्या मागच्या भिंतीपाशी जात. तिघांनाही रोलर कोस्टरचे वेड होते. पलीकडे नवी राइड उभी राहत होती आणि ती कशी असेल, यावर तिघे तासन्‌तास वाद घालत.

"खांब लाल आहेत, म्हणजे उलटी फिरणार," रंगारी म्हणे.

"रंगावरून काय कळतं? तू रंगारी आहेस म्हणून काहीही ठोकून देतोस," ताई त्याला उडवून लावी.

ताईला राइडची खडानखडा माहिती होती, पण मोठ्या राइडमध्ये ती कधीच बसली नव्हती. ती शाळेचे गणवेश शिवायची. उंचीने इतकी लहान, की उद्यानातल्या उंचीच्या पाटीला तीन बोटे कमी पडायची. पन्नाशी उलटली तरी पाटीजवळ उभा असलेला माणूस तिला म्हणे, "बाई, पुढच्या वर्षी या." ती हसून बाजूला होई आणि भाऊ उतरेपर्यंत त्याची चप्पल सांभाळत उभी राही.

एका रविवारी पलीकडे नव्या राइडचे डबे आले. ताई माझ्या वरच्या पायरीवर होती. वाऱ्याने डब्यांवरची ताडपत्री उडाली आणि ताई भिंतीवरून पुढे वाकली.

"काय दिसलं, ताई?"

"खांद्यावरचा पट्टा नाहीये रे. नुसता मांडीवरचा दांडा आहे." ती खाली भावाकडे वळली. "अशा राइडला उंची कमी लागते. मला बसू देतील."

ती उतरताच रंगारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला घाईघाईने चढला. माझी सातवी पायरी कित्येक महिने कुरकुरत होती. "उद्या खिळा ठोकतो," असे तो रोज म्हणे. त्या दिवशी ती तडकली. मी त्याला सावरू शकले नाही. तो पाठीवर पडला.

राइड सुरू झाली तेव्हा तो काठी घेऊन चालत होता. ताईची उंची या वेळी पाटीला पुरली. पण पाठीचे दुखणे असलेल्यांनी बसू नये, असेही तिथे लिहिले होते. त्या दिवसाची हकिकत मी घरी ऐकली. ताई रांगेतून परत फिरली होती.

"मी एकटी नाही जायची."

"जा गं," रंगारी म्हणाला होता. "माझ्या वाटचंही ओरडून ये."

ती घरी आली ती घसा बसवूनच. रंगाऱ्याने तिला एकेक वळण विचारले. तिने हातवारे करून सगळे सांगितले. त्याने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "उतार परत सांग."

आता मी मागच्या खोलीत भिंतीला टेकून असते. रंगाऱ्याचे उंचावरचे काम सुटले. ताईने ॲल्युमिनियमची हलकी शिडी आणली आहे. उद्यानात आणखी एका राइडच्या खांबांसाठी खड्डे खणायला सुरुवात झाली, अशी बातमी पोस्टमनने आणली आहे. दर रविवारी ताई चढते. रंगारी खाली खुर्चीत बसतो, असे म्हणतात.

काल तो तिला विचारत होता, "पाठीला चालेल असं काही असेल का गं?"

"खड्डे उथळ आहेत, म्हणजे राइड बुटकी," ताई म्हणाली. "असेलही."

मित्रांनो, तुमच्या घरातली शिडी, स्टूल, खुर्ची कुरकुरत असेल, तर उद्यावर टाकू नका. आम्हाला बोलता येत नाही, कुरकुरणे तेवढे करता येते. माझी सातवी पायरी अजून तशीच आहे. कुणी ती नीट केली, तर मला एकदा त्या भिंतीपाशी उभे राहायचे आहे.