न आलेला पाहुणा

"मी म्हणालो तेवढंच सांग," गव्हर्नरसाहेबांनी बजावलं. "तुझा राजा खोटारडा आहे. आज सही कर, नाहीतर रस्ता बंद."

एको आबाइडूने घसा साफ केला. केप कोस्टच्या किल्ल्यात दुभाषी म्हणून त्याचं आयुष्य गेलं होतं. समोर कुमासीच्या राजाचा वकील ओपोंग बसला होता. करार मिठाचा होता. किनाऱ्यावरचं मीठ वर कुमासीला जायचं, तिथलं सोनं खाली यायचं, आणि साहेबांना दोन्हींवर जादा जकात हवी होती.

वकिलाने ऐकलेला शब्द राजापुढे शपथेवर जसाच्या तसा सांगायचा, अशी रीत होती. 'खोटारडा' कुमासीला पोचला असता, तर मागोमाग सैन्य उतरलं असतं.

"नाना, साहेबांना राजाच्या शब्दाची जरा काळजी वाटते," एको ओपोंगला म्हणाला.

इतकी वर्षं हे खपलं होतं. आज मात्र खिडकीपाशी मिशनच्या शाळेतून आणलेला, दोन्ही भाषा जाणणारा नवा कारकून बसला होता.

"साहेब, हा 'काळजी' म्हणाला. 'खोटारडा' म्हणालाच नाही."

साहेबांनी एकोला तिथल्या तिथे सरकारी कोट उतरवायला लावलं. कारकुनाने वाक्य जसंच्या तसं ऐकवलं.

ओपोंग कारकुनाकडे वळला. "बाळ, मला इथे कुणी पाणी दिलं?"

"नाही."

"का आलात, म्हणून विचारलं?"

"नाही, नाना. साहेबांना घाई होती."

"मग मी अजून आलोच नाही. न आलेल्या माणसाने ऐकलं काय नि राजाला सांगायचं काय? साहेबांना म्हणावं, उद्या येतो."

कारकून खाली बघू लागला. पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, हे त्याच्याही घरात होतं. त्याने तसं भाषांतर केलं. साहेब लालबुंद झाले. मग बहुधा त्यांनाही सैन्य आठवलं, आणि त्यांनी कराराचा कागद बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. घासाघीस झाली, सही झाली, रस्ता उघडा राहिला. एको तिथे नव्हता.

"साहेबाच्या शिव्या धुऊन द्यायचा पगार होता तुला," बायको, अराबा, म्हणाली. "आता माझी भांडी धू. नाहीतर केंके वळायला बस."

तो मक्याच्या पिठाचे गोळे वळत असतानाच परतीला निघालेल्या ओपोंगची मिरवणूक दाराशी आली. ढोल थांबले. साहेबांपुढे ओपोंगने खांद्यावरचं वस्त्र तसूभरही सरकवलं नव्हतं. इथे त्याने वहाणा काढल्या आणि वडीलधाऱ्यापुढे करतात तसा डावा खांदा उघडा केला.

"नाना, हे काय? माझी नोकरी गेलीय."

"ठाऊक आहे."

"त्या दिवशी मी खोटं सांगितलं तुम्हाला."

"त्याच दिवशी होय? साहेबाची भाषा मला येत नाही, एको. तोंड दिसतं ना त्याचं. इतकं गोड कुणी दात खाऊन बोलतं का?"

मागून अराबा हळूच म्हणाली, "अरे, नीट उभा तरी राहा."

एकोच्या कोपरापर्यंत पीठ माखलं होतं. ते हात अंगापासून लांब धरून तो ताठ उभा राहिला.